नवव्या नंबरावर सलीम

आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर परवापासून पुन्हा टण्ण-टण्ण सुरू झालंय. क्रिकेटच्या बॅटचा आवाज जाड असतो. हा पत्र्याचा, पोकळ. अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटवर चेंडू नीट बसला की टण्ण, नाही बसला की नुसतं खट्. मैदानाकडं पाठ करून चहा पीत बसलो असलो तरी कुणाला चेंडू बसला आणि कुणाला नाही, ते मला कळतं. दिवाळी सरते, हवेत कोरडी थंडी येते, दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटायला लागतं आणि आमच्या शहरात बेसबॉलचे दिवस येतात. बाहेरगावचे पाहुणे याचं नवल करतात. आम्हाला त्यात काही वाटत नाही.

तिथं खेळणाऱ्या पोरींना शिकवणारी शीतल म्हणून एक तरुण बाई आहे. हे काका एकेकाळी कप्तान होते असं तिला कुणीतरी सांगितलं असावं. परवा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "काका, बॅटिंग ऑर्डर लावायला बसा ना आमच्यासोबत. वरचे नंबर जमलेत. शेवटी कुणाला ठेवावं तेच कळंना." मी म्हणालो, "नाय जमत आता मला ते." तिला वाटलं असेल, म्हातारा भाव खातोय. तिचा तरी काय दोष? मी नाही का म्हणालो ते सांगायला बसलो असतो तर तिची प्रॅक्टिस बुडाली असती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना थोडं सांगतो. क्रिकेटच्या कप्तानाला मुभा असते. गडी पडला की मनात येईल त्याला पुढं पाठवता येतं. बेसबॉलात तसं नाही. सामन्याआधी नऊ नावं एका कार्डावर क्रमानं लिहून स्कोअररच्या हातात द्यायची, आणि मग तोच क्रम शेवटपर्यंत फिरत राहतो. नववा झाला की पुन्हा पहिला. नाव पुकारल्यावर गडी हजर नसेल तर तो आऊट. मैदानात चार बेस, म्हणजे चार टप्पे; ते फिरून शेवटच्या, 'घरच्या' बेसवर परत आलं की रन, आणि तीन गडी बाद झाले की डाव संपला. पहिले तिघं चपळ लागतात, कसंही करून बेसवर जाऊन उभे राहणारे. चौथा लागतो त्या तिघांना घरी आणणारा. घरात कर्ता माणूस असतो ना, तसा टीमचा चौथा नंबर. एकदा कार्ड दिलं की दिलं, मग कप्तानाला पश्चात्ताप झाला तरी क्रम हलत नाही.

मी शहराबाहेर वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. दिवसभर हातात गेज. भोकात त्याचं एक टोक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाहीतर रिजेक्ट, तिसरी भानगड नाही. माणसांनाही मी असाच मोजायचो आणि मला त्याचा अभिमान होता. माणूस ओळखायला मला दोन मिनिटं लागतात, असं मी चारचौघांत म्हणत असे. बायको तेव्हाही हसायची.

आमची टीम सगळी वाळूजची. कुणी प्रेस शॉपचा, कुणी पेंट शॉपचा, कुणी शेजारच्या कारखान्यातला. वेगवेगळ्या शिफ्ट, वेगवेगळ्या सुट्ट्या. त्यामुळे आमची बॅटिंग ऑर्डर खेळापेक्षा बसवर जास्त ठरायची. जे घरून येणार ते वरच्या नंबरांवर. पहिल्या शिफ्टचे साडेतीनला सुटणार, बसमधून सव्वाचारला शहरात उतरणार आणि तिथून धावत मैदानावर येणार, म्हणून ते सात, आठ, नऊ. त्यांची पाळी येईपर्यंत बस येईल, या भरवशावर आम्ही खेळायचो. कधी नगर नाक्यापाशी बस अडकली की आमचे तीन गडी न खेळताच बाद व्हायचे. या तिघांना आम्ही 'बसवाले' म्हणायचो. कचरू तर सेफ्टी शूज घालूनच खेळायचा, बदलायला वेळ कुठून आणणार? त्या लोखंडी टोकाच्या बुटांनी तो बेसवर आला की समोरचा गडी आपला पाय आधी बाजूला घ्यायचा.

आणि समोर असायची गुलमंडीची टीम. कापड दुकानदारांची पोरं. पांढऱ्या पँटीवर निळी पट्टी, प्रत्येकाचा स्वतःचा ग्लोव्ह. आमच्याकडं नऊ जणांत पाच ग्लोव्ह. त्यामुळे डाव बदलला की गुलमंडीवाले फिल्डिंग संपवून आपले ग्लोव्ह मैदानातच टाकून जायचे, आणि आम्ही तेच उचलून हातात घालायचो. आत त्यांच्या हातांची ऊब असायची, घामाचा ओलसरपणा असायचा. ज्याला हरवायचं त्याच्याच ग्लोव्हमध्ये हात घालून उभं राहायचं. दुसऱ्या कुणाला यात माणुसकी दिसली असती, मला अपमान दिसायचा. मी टीमला बजावून ठेवलं होतं, ग्लोव्हपुरतं ठीक, बाकी गुलमंडीकडं कुणी काही मागायचं नाय.

सलीम आमचा चौथा नंबर. शहागंजात त्यांचं गादी-रजईचं दुकान. लहानपणी तो वडिलांसोबत जुना कापूस काठीनं झोडपायचा, त्यातून त्याचे खांदे तयार झालेले. बॅट धरायचाही तशीच, काठीसारखी, थोडी खाली. हा खेळ आम्हाला त्यानंच शिकवला. शाळेत कुणा सरांकडून तो शिकला होता, आणि कारखान्याच्या कँटीनमागं आम्हा क्रिकेटवाल्यांना गोळा करून म्हणाला होता, "एकदा खेळून तर बघा रे, नाय आवडलं तर सोडून द्या." कप्तान मात्र त्यानं मला केलं. म्हणायचा, "दिगूभाऊ, तुला लिहिणं चांगलं येतं, कार्ड तू लिहीत जा." माझी कप्तानकी एवढ्यावरच मिळालेली. हे मी तेव्हा विसरलो होतो.

ज्या थंडीची ही गोष्ट, त्या थंडीत आम्ही पहिल्यांदाच शहराच्या स्पर्धेच्या फायनलला पोचलो. समोर गुलमंडी. सामना रविवारी दुपारी दोनला. आणि त्या रविवारी आमच्या सात, आठ, नऊ नंबरच्या तिघांनाही पहिली शिफ्ट. दोनला सुरू झालेला सामना सव्वाचारला जवळजवळ संपलेला असतो. सहा गडी घेऊन फायनल खेळायची वेळ आली होती. सुपरवायझरच्या हातापाया पडून झालं. मला रात्री झोप लागेना.

फायनलच्या आदल्या गुरुवारी मी मोटारसायकलवरून शहागंजातून चाललो होतो. गर्दीत अडकलो आणि समोरच्या हॉटेलात सलीम दिसला. त्याच्यासमोर नंदूशेठ. गुलमंडीच्या टीमचा सर्वेसर्वा, कापडाचा व्यापारी. टेबलावर चहाचे रिकामे ग्लास, म्हणजे बैठक बराच वेळ चाललेली. नंदूशेठ काहीतरी बोलला, सलीम हसला, आणि नंदूशेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आदल्या वर्षी आमचा पिचर, चेंडू टाकणारा गडी, गुलमंडीनं असाच नेला होता, दुकानात नोकरी देऊन. मला दोन मिनिटंही लागली नाहीत. रिजेक्ट. गाडी बाजूला लावून आत गेलो असतो, "काय चाललंय रे?" एवढं विचारलं असतं, तर हा लेख मला लिहावाच लागला नसता. मी हॉर्न वाजवला, वाट मिळाली, निघून गेलो. घरी जेवलोही नीट.

शुक्रवारी निरोप आला, सामना साडेतीनला होणार. आयोजकांनी वेळ बदलली. का बदलली याची मी चौकशी केली नाही, देवच पावला म्हणालो. आता बसवाले दुसऱ्या डावापर्यंत पोचणार होते. सलीमनं तर फायनलसाठी रजाच टाकली होती, दुपारी दोनलाच मैदानावर हजर. नऊच्या नऊ गडी मिळाले, आणि ती सगळी सोय हाताशी आल्यावर मी काय केलं? कडुलिंबाखाली बसून जॉब कार्डाच्या पाठीवर नावं लिहिली. चौथ्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. नवव्या जागी सलीमचं.

कार्ड स्कोअररला देऊन आलो, मग झाडाला त्याची नक्कल टाचली. सलीमला तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. तो आला, बोटानं वरून खाली नावं वाचत गेला. चौथ्यावर बोट थांबलं, मग हळूहळू नवव्यापर्यंत गेलं. आमच्या टीममध्ये नववा नंबर म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं माझ्याकडं बघायला लागली. कुणीतरी विचारलं, "दिगूभाऊ, सलीमभाई खाली कसा काय?"

मी म्हणालो, "बसवाले दमून येतात. शेवटी एक ताजा माणूस पाहिजे, भरवशाचा."

हे वाक्य मला कुठून सुचलं, अजून कळत नाही. आधी ठरवलं नव्हतं. पण तोंडातून असं सफाईदार निघालं की पोरांनी माना डोलावल्या. सलीमनं माझ्याकडं पाहिलं आणि बॅट घेऊन झाडामागं सराव करायला गेला. टण्ण आवाज नव्हता, नुसती हवा कापल्याचा आवाज येत होता.

सामन्याचं सगळं सांगत नाही. आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. दुसऱ्या डावात धापा टाकत आलेला कचरू, गळ्यात अजून कारखान्याचं ओळखपत्र. नंदूशेठच्या पोरानं टाकून दिलेल्या ग्लोव्हमध्ये माझा हात. चौथ्या डावात दोन गडी बाद, आमचे तिघं तीन बेसवर उभे, आणि चौथा नंबर म्हणून बॅट घेऊन निघालेला मी. आयुष्यात एवढा मोठा माणूस मी कधीच नव्हतो. पहिलाच चेंडू मी जोरात मारला, खट् झालं. चेंडू सरळ वर गेला आणि माझ्यामागच्या कॅचरनं जागेवर उभं राहून झेलला. डाव संपला, तिघं जिथल्या तिथं राहिले. पुढं सलीमची पाळी आली तेव्हा बेसवर चिटपाखरू नव्हतं, आणि त्यानं चेंडू पार कुंपणापर्यंत मारला. टाळ्या गुलमंडीवाल्यांनी वाजवल्या.

शेवटचा डाव. आम्ही एका रननं मागं. दोन गडी बाद, आमचा एक जण तिसऱ्या बेसवर. बॅटिंगला आठवा नंबर, कचरू. त्याच्यामागं, पुढच्या पाळीवाल्यासाठी चुन्यानं आखलेल्या गोलात, नववा नंबर उभा, सलीम. ऊन कलून गेलेलं, मैदानावर झाडांच्या सावल्या पसरलेल्या. कचरूचे पाय आठ तासांच्या उभ्या ड्युटीनं आधीच थरथरत होते. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्यावर त्यानं डोळे मिटून बॅट फिरवली, हे मला बाजूनं स्पष्ट दिसलं. तोही हुकला. तीन हुकले की गडी बाद; कचरू जागीच खाली बसला.

गुलमंडीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. सलीम त्या गोलात तसाच उभा होता. बॅट खांद्यावर, पाय आखलेल्या रेघेच्या आत. जणू कुणी अजून त्याचं नाव पुकारणार होतं. मग त्यानं बॅट खाली ठेवली आणि आधी कचरूला उठवलं. माझ्याकडं तो आला नाही, मीही त्याच्याकडं गेलो नाही. एका माणसानं, फक्त एकानंच, आधी बॅटिंग करायला हवी होती, आणि तो कोण ते मैदानावरच्या प्रत्येकाला कळलं होतं.

त्यानंतर सलीम खेळायला आला नाही. वर्षभरात कारखानाही सोडला त्यानं. गुलमंडीत जाईल असं वाटलं होतं, तिथंही गेला नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी चौकशी केली नाही, कारण चौकशी केली असती तर उत्तर मिळालं असतं. टीम दोन हंगामांत मोडली. माझी बदली झाली, बढती झाली, पोरं मोठी झाली. आणि एवढ्या वर्षांत मी शहागंजातून जायचं टाळत राहिलो. स्टेशनला जायचं असो की बाजारात, वळसा घालून जायचो. बायको म्हणायची, "सरळ रस्ता सोडून कुठं फिरवताय?" मी म्हणायचो, तिकडं गर्दी असते.

या थंडीत पुतणीच्या लग्नाचं कापड घ्यायला गुलमंडीत गेलो. बायकोनं नेमकं नंदूशेठचं दुकान निवडलं. नंदूशेठ आता पार थकलाय, गल्ल्यावर मुलगा बसतो. नंदूशेठनंच मला ओळखलं, बसवून घेतलं, आणि म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं थेट त्या सामन्यावरच आला.

"दिगंबरराव, तुमचा तो सलीम लई चिवट गडी. शहागंजात मला तीन-तीन चहा पाजले त्यानं. म्हणे, शेठ, मॅच साडेतीनला घ्या, आमची पोरं बसनं येतात. मी नाय नाय म्हणत होतो. तर म्हणतो कसा, सहा जणांना हरवून गुलमंडीत मिरवणार का? मला हसूच आलं. खांद्यावर हात ठेवला त्याच्या, म्हणलं, जा, सांगतो आयोजकांना."

बायको रंग बघत होती.

"आणि वर बजावून गेला," नंदूशेठ म्हणाला, "आमच्या कप्तानाला सांगू नका. गुलमंडीकडं काही मागायचं नाय असा त्याचा हुकूम आहे. त्याला वाईट वाटंल."

समोर कापडाचं ठाण उलगडत होतं. बायकोनं विचारलं, हा कसाय? मी म्हणालो, चांगलाय. कोणता रंग होता ते आजही सांगता येणार नाही.

आठ दिवस काढले. एवढ्या वर्षांनी जाऊन काय सांगायचं, आणि कशाला, असं मनाला विचारत होतो. पण घरातल्या घरात मला माझंच तोंड बघवेना. गेल्या रविवारी सकाळी सरळ रस्त्यानं शहागंजात गेलो. दुकान तिथंच होतं. बाहेर दोरीवर रजया टांगलेल्या, लाल, हिरव्या, जांभळ्या. आत नव्या कापसाचा वास, नाकाला हुळहुळणारा. सलीम गादीला माप लावत होता. दाढी पांढरी झालेली, खांदे अजून तसेच.

"दिगूभाऊ," तो म्हणाला, जणू मी कालच येऊन गेलो होतो. "ये, बस. शहागंज एवढं लांब होतं व्हय रे?"

मी कापसाच्या गाठोड्यावर बसलो. त्यानं सांगितलं, त्या थंडीनंतर लगेच अब्बा आजारी पडले, दुकान अंगावर आलं, नोकरी सुटली, खेळ सुटला. मी ऐकत होतो आणि माझं वाक्य मनात जुळवत होतो. सलीम, त्या दिवशी मी तुझ्यावर संशय घेतला. एवढंच म्हणायचं होतं.

त्याची बायको आतल्या बाजूला रजईला टाके घालत होती. सलीम तिला म्हणाला, "ये दिगूभाऊ हैं. हमारे कप्तान."

तिचा हात थांबला. "हौ? येच कप्तान हैं क्या? इनो तो घर में जो आया उसकू सुनाते. फायनल में कप्तान मेरे कू आखरी में रखे थे बोलके. सब थक के आते, आखरी में एक ताजा आदमी होना, भरोसे का."

"राहू दे ना," सलीम लाजला. मग माझ्याकडं वळला. "पण खरं सांगतो, कार्ड वाचलं तेव्हा आधी लई लागलं मला. म्हणलं, मला बसवाल्यांत टाकलं. मग तू ते म्हणाला, आणि मला पटलं. याचं डोकं लांबचं चालतं म्हणलं. तुझा भरोसा खरा करून दाखवायचा राहिला बघ. कचरू नुसता बेसवर गेला असता, तर मी मॅच काढली असती. अजून कधी कधी मी तिथंच उभा असतो."

चहा आला. मी कप उचलला आणि परत खाली ठेवला.

सलीमनं हातातली मापाची पट्टी गुंडाळली. "एक विचारू? तू मला तेवढ्यासाठीच ठेवलं होतं ना शेवटी?"

हीच ती जागा होती. मी यासाठीच आलो होतो. त्याची बायको सुई हातात धरून माझ्याकडं बघत होती, आणि तो त्या दिवशी कडुलिंबाखाली बघत होता तसाच बघत होता. त्याला सगळं ठाऊक असेल आणि तो मला वाट करून देत असेल, असंही क्षणभर वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. माणूस ओळखणं मला कधी जमलंच नाही, हे तिथं गाठोड्यावर बसून मला कळलं.

"व्हय," मी म्हणालो.

"सुना?" सलीम बायकोकडं वळून म्हणाला. "मैं बोला था ना तेरे कू. इत्ते साल मानती नहीं थी."

ती हसली, आणि टाके घालायला लागली. मी चहा संपवला, एक रजई घेतली. गरज नव्हती. सलीमनं ती दोरीनं बांधून दिली, आणि रस्त्यापर्यंत सोडायला आला.

म्हणून परवा शीतलला मी नाही म्हणालो. शेवटी कुणाला ठेवावं, याचं उत्तर मला येतं. वरचे दमतात, शेवटी एक ताजा माणूस ठेव, भरवशाचा. सल्ला चांगला आहे, कुठलाही जाणकार हेच सांगेल. फक्त कडुलिंबाखाली एकदा, गादीच्या दुकानात एकदा, आता तिसऱ्यांदा तो माझ्या तोंडून निघू नये.